दोन फावड्यांचे काका

आधी नाडकर्णी काकांचं नाव लिहितो, मग काय घडलं ते. कारण त्या शनिवारी आम्ही पाच जण डोंगरावरून धडधाकट परत आलो ते काकांमुळे, आणि काका तर तिथं नव्हतेच.

काकांना थर असलेली कुठलीही वस्तू ठोकून बघायची सवय आहे. मी इथं परदेशात, रेडमंडला एका हॉटेलात स्वयंपाकी. पहिल्याच भेटीत काकांनी माझ्या बिर्याणीचा चौकोन कापला, वर चमचा आडवा ठेवला आणि ठोकायला लागले. त्यांची रीत ठरलेली: दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. चौदाव्याला भात घसरला.

"चौदा!" काका खूष. "दत्तू, तुझा मधला थर मोकळा आहे. वरून सगळं छानच दिसतं हो!"

मी घाबरून मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "घाबरू नकोस. गेल्या आठवड्यात माझा केक अकराव्याला गेला."

काका निवृत्त इंजिनिअर. तीस हिवाळे बर्फाच्या डोंगरात हिंडलेले. चढाला पाय लावण्याआधी खड्डा खणायचा, बर्फाचे थर ठोकायचे आणि वरचा थर कितव्या ठोक्याला घसरतो ते बघायचं, जितका लवकर तितका धोका, हा त्यांचा धर्म. मंगळवारी माझी सुट्टी, म्हणून मला धरून नेऊ लागले.

मी गारगोटी गावचा, नववीत शाळा सुटलेला. इथं साधा फॉर्म पुढे आला तरी माझे तळवे ओले होतात. म्हटलं, "काका, हे शास्त्र मला नाही जमायचं."

"रव्याचे लाडू वळतोस ना? मग झालं!" त्यांनी छातीएवढा खड्डा खणला आणि खालच्या थरातला बर्फ माझ्या मुठीत दिला. "वळतोय का बघ."

बर्फ बोटांतून साखरेसारखा भुरभुर निसटला.

"पाक कमी पडलाय," मी म्हणालो.

काका त्या खड्ड्यातच नाचले. "अरे, पीएचडीवाल्यांना हे कळायला दोन हिवाळे लागतात!"

एकच गोष्ट मला कळेना. काका पाठीवर कायम दोन फावडी वागवायचे.

"काका, हे दुसरं कशाला?"

"ते पण फावडंच आहे," काका म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे.

त्या शनिवारी काकांचा गुडघा सुजला होता. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, नागपूरचा सौरभ, आपल्यासारख्याच तीन इंजिनिअर मित्रांना घेऊन बर्फात निघाला होता. मला म्हणाला, "दत्ता, चल यार, वडे घेऊन चल." मालकांकडून रजा घेऊन गेलो. वर एक उभा, पांढराशुभ्र चढ लागला. सौरभचं लेबलसुद्धा न काढलेलं फावडं मागून घेतलं आणि खणायला बसलो. चौघं फोटो काढत होते. बाराव्या ठोक्याला वरचा आख्खा थर सरकून माझ्या मांडीवर आला. खालचा बर्फ मुठीत धरला. वळेना.

"इथून वर जायचं नाही," मी म्हणालो.

"अरे, मी हिमस्खलनाचा फोरकास्ट बघितलाय. धोका मॉडरेट आहे. आणि हे बघ, कालचे ट्रॅक पण आहेत, लोक जाऊन आलेत."

"वरून सगळं छानच दिसतं."

"तू कुठे शिकलास रे हे? कढईत?" सगळे हसले.

एवढी शिकलेली माणसं, मी कोण अडवणार? पण मुठीतला रवा खोटं बोलत नव्हता. मी पिशवी खांद्याला लावली. "वडे माझ्याकडे आहेत. मी खाली चाललो."

भुकेपुढे इंजिनिअरिंग चालत नाही. एक वळला, दुसरा वळला, शेवटी कुरकुरत सौरभही आला.

आम्ही लांब, सपाटीवर झाडांखाली बसून खात होतो. ऊन चढलं. धारेवर लोंबणारा बर्फाचा कंगोरा तुटला आणि त्या चढावर आदळला. चढभर एक रेघ उमटली, आणि आख्खा चढ धाडधाड खाली आला. कालचे ट्रॅक गेले, माझा खड्डा गेला.

सौरभच्या हातातला वडा तसाच. मग अगदी हळू म्हणाला, "दत्तादादा, चटणी आहे का अजून?"

हसता हसता चौघांनी मला उचलून घेतलं. नववीत सोडलेल्या शाळेनं असा निकाल कधी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. वाटलं, नाचतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कितव्याला?"

"बाराव्याला."

काका उठले, लंगडत आत गेले आणि ते दुसरं फावडं घेऊन आले. दांड्यावर सुरीनं कोरलं होतं, 'सुधीर'.

"माझा मित्र," काका म्हणाले. "तो गेला त्या दिवशी माझा थर नवव्याला सुटला होता. बाकीचे सगळे माझ्याहून अनुभवी. मला वाटलं, आपण कोण अडवणार? गप्प राहिलो. सुधीर सगळ्यांच्या पुढे होता." फावडं त्यांनी माझ्या हातात दिलं. "तू गप्प नाही राहिलास, दत्तू."

पुढच्या महिन्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. म्हणतात, आता डोंगर संपला. काका, तसं मी होऊ देणार नाही. एखाद्या मंगळवारी तुम्हाला घसरगाडीवर बसवून, शाल गुंडाळून मी बर्फापर्यंत ओढत नेईन. खड्डा सुधीरकाकांच्या फावड्यानं मी खणेन. ठोकेन मी. तुम्ही फक्त मोजायचं.