काचेआडच्या दोघी

प्रार्थनागृहाच्या मागच्या बाजूला तान्ह्या बाळांच्या आयांसाठी काचेची खोली होती. मलसुककाकूंनी तिथे राओनला घ्यायला हात पुढे केले, तशी नाग्योंगने बाळाला आणखीच घट्ट धरलं.

कोरियातल्या या गुन्सान गावी येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. बाळ रात्रभर झोपू देत नव्हतं आणि हक्काने त्याला सोपवावं असं गावात कोणी नव्हतं. म्हणून काय कोणाच्याही हाती द्यायचं? ‘गुप्त पंथाच्या लोकांना मज्जाव’ अशी पाटी चर्चच्या दारावरच होती. ती माणसं चर्चमध्ये शिरून आधी गोड बोलतात, घरचं किमचीचं लोणचं आणून देतात आणि मग एकेकाला फितवून नेतात. काकू अगदी तशाच. चर्चमध्ये नवीन माणूस आणणाऱ्याला बक्षीस होतं, तरी त्या कोणाला आणत नव्हत्या, काही मागतही नव्हत्या. नुसतं गोड हसायच्या.

तिने पाळकसाहेबांचे कान भरले.

“हळू बोला,” हजेरीच्या फलकाकडे बघत ते म्हणाले. “आत्ता कुठे आकडा वर चढतोय. काढून कशाला टाकायचं? तुम्ही लक्ष ठेवा.”

तिने लक्ष ठेवलं. काकू पहाटेच्या प्रार्थनेला, की ही हजर. त्या भांडी घासायला, की ही विसळायला.

“एवढी भक्ती अंगात कधी आली गं?” नवऱ्याने टोमणा मारला.

मग राओनला ताप आला आणि तिचा एक रविवार चुकला. दुपारी बेल वाजली. दारात काकू, हातात भोपळ्याच्या पेजेचा डबा. पण नजर तिच्या खांद्यावरून आत.

“काय शोधताय?”

“सामान बांधलंयस का ते बघतेय. पळालीस वाटलं, तुझ्या पंथाकडे.”

“माझ्या?”

“कोणाला आणत नाहीस, काही मागत नाहीस, जाईन तिथे माझ्या मागे. मीच सांगितलं पाळकसाहेबांना. ते म्हणाले, लक्ष ठेवा.”

नाग्योंगला हसावं की रडावं कळेना. “आज गर्दी होती?”

“फलकावर उच्चांक आहे. पाळकसाहेब आनंदात आहेत. तू नाहीस हे कोणाच्या गावीही नव्हतं.” काकूंनी डबा खाली ठेवला. “दे इकडे त्याला. डोळे बघ तुझे. झोप जरा.”

या खेपेला तिने बाळ दिलं. मात्र आत जाता जाता दारातले काकूंचे जोडे हळूच उचलून कपाटात टाकले. बाळ घेऊन अनवाणी कुठवर जातील?

उठली तेव्हा उन्हं कलली होती. राओन काकूंच्या खांद्यावर घोरत होता, ताप उतरला होता. जोडे परत ठेवायला ती चोरपावलांनी दाराशी गेली.

तिथे तिचे स्वतःचेही जोडे नव्हते.