दुसऱ्या पानावरचे समुद्रपक्षी

प्राध्यापक अवधूतरावांना बढती हवी होती आणि बढतीसाठी शोधनिबंध हवा होता. मराठी कवितेवर कॉलेजातल्या सगळ्यांनीच लिहून ठेवले होते, म्हणून त्यांनी समुद्रपक्ष्यांवरची एक स्पॅनिश कविता धरली. स्पॅनिश येत नव्हते, समुद्र गोव्याच्या सहलीत पाहिलेला, आणि यवतमाळात पांढरा पक्षी म्हणजे नांगरामागचा बगळा. पण वृत्त मोजायला अर्थ कळावा लागत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मोबाइलकडून ओळी वाचून घेत त्यांनी लघु-गुरूच्या खुणा केल्या.

तिसऱ्या पानाशी मात्र ते थरारले. दुसऱ्या पानाचेच वृत्त, तीच यमके, शब्दही तेच. पक्षी लाटेवर परततात तशा ओळी परततात, असा सिद्धांत मांडून त्यांनी निबंध नागपूरला डॉ. सदाशिवरावांकडे धाडला. निबंध ज्या चर्चासत्रात वाचायचा होता त्याचे ते अध्यक्ष होते, बढतीच्या समितीवरही होते आणि मुख्य म्हणजे स्पेनला जाऊन आले होते.

चर्चासत्राच्या सकाळी बायकोने, मधुवंतीने, कवितेची झेरॉक्स सहज हाती घेतली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

“अहो, या दोन्ही पानांवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. एकाच जाग्यावर.”

“मंग?”

“कवीनं कप बी पुन्हा ठेवला काय?”

अवधूतरावांनी पाने एकावर एक ठेवून उजेडाकडे धरली. झेरॉक्सवाल्याने पुस्तकाचे दुसरे पान दोनदा काढले होते. तिसरे राहूनच गेले होते.

“सदाशिवरावाईले मूळ कविता पाठ असन,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “साऱ्यांसमोर माही इज्जत जाते आता.”

“मंग तेवढं गाळा.”

त्यांनी गाळले. चर्चासत्रात फक्त वृत्तावर बोलून, घाम पुसत ते खाली बसले. सदाशिवराव उठले. चेहरा नाराज होता.

“अवधूतराव, पुनरावृत्तीचा भाग काहून गाळला? निबंधाचा प्राण तो. मी माद्रिदला मूळ स्पॅनिशमध्ये वाचलं, तेव्हा त्याच दोन पानांवर माझे डोळे भरून आलते.”

अवधूतरावांनी अध्यक्षांकडे क्षणभर नीट पाहिले. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला, पुन्हा माइकशी गेले आणि गाळलेला भाग सावकाश, गहिवरून वाचला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. शेवटच्या रांगेत मधुवंतीने चहा संपवला आणि ओला कप निबंधाच्या प्रतीवर ठेवला.