वेणूबाईंच्या अर्धवट फाइलीची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न. तारेवरून अक्षरे चालविणाऱ्या देवास दंडवत घालून जैसे घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही. शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु नाम संवत्सर, ते समयी संगणकांचे एक राज्य होते. त्यास मुलूख नाही, वेस नाही. चॅटचा एक चॅनल, तोच दरबार. देशोदेशीचे लोक आपापल्या घरी बसून दरबारी हजर होत आणि टोपणनावाने बोलत. दरबाराच्या कोठ्या होत्या. म्हणजे कोणा सरदाराचा संगणक अहोरात्र चालू, त्यात गाणी, नाटके, पुस्तके यांच्या फाइली भरलेल्या, आणि त्यावर एक यांत्रिक कोठीवाला. त्यास फाइलीचा क्रमांक सांगावा, रांगेत उभे राहावे आणि पाळी आली म्हणजे डाऊनलोड करून न्यावे. परंतु कोणत्या कोठीत काय, हे धुंडिता लोकांचा जीव मेटाकुटीस येई. मग दरबारचे कारभारी रखमाजीराव यांणी एक सॉफ्टवेअर सिद्ध केले, नाव ठेविले हरकारा. त्यास गाणे सांगावे आणि त्याणे साऱ्या कोठ्या हुडकून ते दाराशी आणावे. राज्यात आनंदीआनंद जाहला.

रखमाजीराव शिस्तीचे मोठे कडक. त्यांणी दोन कायदे बांधिले. फाइल येत असता कोणी तगादा लावील तर त्यास दरबाराबाहेर काढावे, आणि बाहेर गेला की त्याची रसद तेथेच तुटावी, हा एक. आणि जी फाइल वर्षभरात एकदाही कोणी पुरी नेली नाही, ती हरकाऱ्याने आपण होऊन पुसावी, कोठीत अडगळ नको, हा दुसरा. लोक वाखाणू लागले आणि रावांसही आपल्या अकलेचे कौतुक वाटले. काय सांगावे!

रावांचे कुटुंब वेणूबाई. गळा ऐसा गोड की आळीत कोणाचे डोहाळजेवण असो, बाईंवाचून पान हलत नसे. एके दिवशी रावांणी त्यांचे डोहाळगीत संगणकात भरून घेतले. पुढे बाई दुखण्याने खंगल्या आणि वारल्या. रावांच्याने ते गाणे ऐकवेना. मग मनी आणिले की घरची डिस्क आज आहे, उद्या नाही. दरबारी ठेविले तर दहा घरी जाईल आणि बाईंचा आवाज मरणार नाही. म्हणोन एका सरदाराच्या कोठीत फाइल ठेविली आणि तिकडे पुन्हा पाहिले नाही.

वर्ष सरले आणि मग आणिक काही महिने गेले. कन्या मंजुळा, पहिलटकरीण, माहेरी आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या डोहाळजेवणाला आईचंच गाणं लावायचं. दुसरं काही नको मला." राव "बरं" म्हणाले, छाती दगडाची केली आणि डिस्क उघडू गेले, तो डिस्क केव्हाचीच मेलेली. घाबरे जाहले, तरी म्हणाले, दरबार आहे, चिंता नाही. मग आपल्याच हरकाऱ्यास आज्ञा केली. हरकारा साऱ्या कोठ्या फिरला आणि परत येऊन बोलिला, "ऐसी फाइल राज्यात नाही. वर्षभरात कोणी पुरी नेली नाही, सबब पुसली." रावांच्या पायाखालची जमीन सरकली. कायदा त्यांचा, अक्षर त्यांचे आणि हात हरकाऱ्याचा.

मग ज्यांणी कधी कोणास तगादा लावू दिला नाही ते रखमाजीराव भर दरबारात हात जोडून लिहू लागले, "कोणापाशी असेल तर द्या हो. पाया पडतो."  तेव्हां सगुणाबाई नावाची एक बाई बोलिली, "रावसाहेब, माझ्याकडे थोडं आहे. मागं आमच्या जाऊबाईंच्या डोहाळजेवणासाठी नेत होते. फार हळू येत होतं, म्हणून म्हटलं, दादा, जरा लवकर द्या ना. तुम्ही मला हाकलून दिलंत. मन मोडलं, मग पुन्हा नाही मागितलं."  तगादा दिसताच रावांणी बाईस बाहेर काढिले होते, ती काय नेते आहे हे पाहिलेही नव्हते. तेव्हां थांबते तर फाइल पुरी जाती आणि कोठीत राहती. लिहिले इतकेच की, "ताई, चुकलो." सगुणाबाई म्हणाली, "असू दे. हे घ्या, आहे तेवढं लेकीला ऐकवा."

डोहाळजेवणाचे दिवशी मंजुळा हिरवी साडी नेसून पाटावर बसली आणि रावांणी तो तुकडा लाविला. आधी बांगड्या वाजल्या. मग वेणूबाई बोलिल्या, "अहो, झालं का चालू? म्हणू का मी?" मग रावांचा आवाज, "झालं, झालं. म्हण आता." मग बाईंणी घसा साफ केला आणि श्वास घेतला, आणि तेथे फाइल सरली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मंजुळा पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, पुन्हा लावा." राव रडत होते आणि पुन्हा लावीत होते.

पुढे तगाद्याचा कायदा रद्द जाहला, कोठ्या एकेक बंद पडल्या, दरबारही ओस पडला. वेणूबाई गावयास सिद्ध जाहल्या, येथवर राहिले, पुढील गेले. येणेप्रमाणे वर्तमान असे.