पडण्यात कसलं कर्तृत्व?

"एक तास? अहो, या विषयावर मी दोन तास बोलेन!" असं मी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना ठणकावून सांगितलं. अर्थात फोनवर. फोनवर मी वाघ असतो, समोर माणूस आलं की शेळी! विषय होता, माणसाने बनवलेल्या सर्वांत वेगवान वस्तू. चार पुस्तकं वाचून माझं डोकं फुटायच्या बेतात होतं.

बाईंची मात्र कसोटी होती. शुक्रवारच्या व्याख्यानांना कुणी फिरकेनासं झालं होतं. आजचा तास रंगला नाही, तर व्याख्यानं कायमची बंद आणि त्या खोलीत टेबल टेनिस, असं अध्यक्षांनी जाहीर केलं होतं. ते पहिल्याच रांगेत बसले होते. हातात मोजायची टेप घेऊन!

मी उभा राहिलो. डोळे मिटून जे सुटलो, ते विमान, बंदुकीची गोळी, अग्निबाण असं सगळं मागे टाकत थेट सूर्याजवळच्या यानापाशी पोचलो. "सेकंदाला एकशे नव्वद किलोमीटर! धन्यवाद!"

डोळे उघडले. सहा मिनिटं झाली होती.

अध्यक्ष शांतपणे उठले आणि भिंत मोजू लागले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "क... कुणाला काही प्रश्न?"

शेवटच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला.

"मला आहे," आमची ही म्हणाली. "त्या यानाला इंजिन केवढं हो?"

"इंजिनाचा वेग नाही तो. सूर्य ओढतो, ते त्याच्याकडे पडत जातं."

"पडतं? मग पडण्यात कसलं कर्तृत्व? परवा तुम्ही न्हाणीघरात पडलात, तेव्हा कुणी हार घातला नाही!"

खोली खदखदली.

"अगं, पण ते सूर्याला चुकवून पडतं!"

"तुम्ही बादलीला चुकवून पडला होतात!"

मी चिडलो. चिडलो की मला लाजायचं भान राहत नाही. "वेगाचं तुला काय कळतंय? आत्ता पृथ्वीबरोबर आपण सगळे सेकंदाला तीस किलोमीटर पळतोय!"

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा!"

"मग नळ महिनाभर का गळतोय?"

"काकू, मला बोलवायचं होतं की!" मधल्या रांगेतला प्लंबर ओरडला. "पण काका, चुकवून पडायचं म्हणजे कसं?"

मग मी खडू घेतला, फळ्यावर सूर्य काढला, हिने तो पुसून मोठा काढायला लावला. बाहेरचे लोक आत येऊन दाराशी उभे राहिले. अध्यक्षांनी तर टेपच दोरीसारखी धरून तिच्या टोकाला खडूचं यान फिरवून पाहिलं! दिवे घालवेपर्यंत कुणी हललं नाही.

बाई धावत आल्या. "काका, वाचलो! अध्यक्षांनी वर्षभराचे शुक्रवार दिले. पुढच्याच शुक्रवारी पुन्हा ठेवू या!"

माझी छाती फुगली. "ठेवा की! कोणत्या विषयावर बोलू?"

"बोलतील काकू," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते समोर बसा, म्हणजे त्यांना सुचत जाईल."