पुलावरील कान्याची मोहीम

समस्त वाचकवर्गाचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, किल्ल्यांवरून राज्ये बुडाली आणि वारसांवरून तख्ते हालली, हे आपण पुष्कळ ऐकिले. परंतु एक उभी रेघ, जीस शाळेतील पोरेही काना म्हणतात, तिजवरून एका सांजदैनिकाचे कचेरीत दोन दिवस जो संग्राम माजला, त्याची हकिकत कोणी लिहिली नाही. आणि न लिहावी तर पुढील पिढ्या म्हणतील की तो काना आपोआप लागला. सबब जे घडले ते, पदरचे न घालता, कलमबंद केले आहे.

त्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाट आणि पाण्याचे पिंप यांचे मध्ये दीड हात मेज मांडोन मुद्रितशोधक बाई बसत असत. छापावयाचा मजकूर अगोदर वाचोन चुका काढणे ही त्यांची चाकरी. चाकरीस सव्वीस वर्षे जाहली आणि तितक्या काळात एकही चूक त्यांचे सहीखालून छापखान्यात उतरली नाही. कोणाचा रफार एका अक्षराने सरकला तर बाईंस तो जिन्यातून येतानाच दिसे, ऐसी ख्याती. म्हणोन लहानथोर सारे त्यांस रफारबाई म्हणत, आणि बाईही ते बिरूद मुकाट्याने वागवीत.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता वृत्तसंस्थेचा खलिता आला की, आपले परममित्र म्हणविणारे जे थोरले राष्ट्र, त्याचे विमानांनी एका धाकट्या राष्ट्रातील नदीवरचा पूल बाँब टाकोन पाडिला, आणि पुलावरील बस पाण्यात गेली, आणि एकोणीस माणसे मेली, त्यात गिरणीचे पहिले पाळीस निघालेल्या बाया अकरा.

खलिता परराष्ट्र बातमीदाराचे हाती पडला. हे गृहस्थ परराष्ट्रमंत्र्यांचे खाशा विमानातून तीन वेळा सफर करोन आलेले, सबब कचेरीत त्यांस विमानवीर म्हणत. पहिल्या सफरीपर्यंत ते ‘सरकारने चिंता व्यक्त केली’ ऐसे लिहीत; तिसरीनंतर चहा पितापिता ‘आम्ही चिंता व्यक्त केली’ ऐसे बोलो लागले. चौथी सफर पंधरवड्यावर आलेली. तेव्हा विमानवीरांनी खलिता वाचिला, आणि मग मंत्रालयाचे प्रवक्त्याचे निवेदन वाचिले, आणि मग मथळा सिद्ध केला: ‘नदीवरील पूल पडला, एकोणीस मृत्युमुखी’.

येथे कोणी ऐसे समजो नये की वरून हुकूम सुटला. हुकूम नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. मित्रराष्ट्राचे विमान जेथे जाईल तेथे क्रियापद अकर्मक होते, हा कायदा कोठेही लिहिलेला नव्हता, म्हणोनच तो कोणी मोडीत नव्हते. गेल्या महिन्यात शत्रुराष्ट्राचे अग्निबाण एका गोदामावर पडले, तेव्हा याच विमानवीरांनी ‘क्रूरकर्म्यांनी गोदाम पाडले, तीन शेळ्यांची हत्या’ ऐसा मथळा दिला होता. तेव्हा काना होता, कर्ता होता, आणि मयत शेळीची छबीही होती.

अकरा वाजता कच्चे पान रफारबाईंचे मेजावर आले. बाईंनी एका हाती खलिता आणि दुसरे हाती पान धरोन ताडून पाहिले, आणि तांबडे लेखणीने मथळ्यातील ‘पडला’स काना घालोन ‘पाडला’ केले, आणि पान परत पाठविले. पाव घटकेत पान परत आले. काना खोडलेला. बाईंनी पुन्हा घातला. पुन्हा खोडलेला आला. ऐसे तीन वार होवोन तांबड्या शाईने मथळा ओळखू येईना, तेव्हा बाई खासा उठोन संपादकांचे काचेचे दालनी गेल्या. तेथे विमानवीर अगोदरच खुर्चीवर विराजमान होते.

“साहेब, इथे काना राहिलाय,” बाई म्हणाल्या.

“राहिला नाही बाई, काढलाय,” संपादक म्हणाले.

“कोणी?”

“कोणी असं नाही. निघालाय.”

“पूलही तसाच पडला का?”

संपादकांनी चष्मा काढोन पुसला. मनुष्य वाईट नव्हता. पूर्वी त्यांनीही एकदोन मंत्र्यांस घाम फोडिला होता. पण आता त्यांस मोठमोठे मेजवान्यांत बसावयाची सवय लागली होती, आणि सवयीस शत्रू फार असतात.

“बाई, पूल जुना होता,” विमानवीर म्हणाले. “आपण सध्या बोलणी करतोय त्यांच्याशी. एका काना-मात्रेवरून बिघडायला नको.”

“बोलणी तुम्ही करताय?”

मग संपादकांनी दोन्ही बाजू ऐकाव्या म्हणोन तीन जाणत्यांस फोन लाविले: एक निवृत्त राजदूत, दुसरे निवृत्त सेनानी, तिसरे त्या राजदूतांचे निवृत्त मदतनीस. तिघांनी एकमुखाने कौल दिला की पुलाचे खांब आधीपासोन संशयास्पद होते. तिघांचे एकमत जाहले, सबब चर्चा समतोल ठरली, आणि फर्मान निघाले की मथळा आहे तसा जावा, आणि मुद्रितशोधकांनी शुद्धलेखनापुरते पाहावे.

बाई मेजावर परत आल्या. पिंपातले पाणी प्याल्या. मन बहुत कष्टी जाहले. पान सोडावे तर असत्य आपले सहीने जाते. काना घालावा तर सव्वीस वर्षांतील पहिली चूक आपले नावे लागते, आणि चाकरीही जाते न कळे. अकरा बायांचा विचार पुन्हा पुन्हा येई. पहिल्या पाळीची बस बाईंस ठाऊक होती. त्यांची आई तशाच बसने गिरणीत जात असे.

साडेबारा वाजता बाई तळमजल्यावर गेल्या. तेथे पाने लावणारे खिळेमामा बसत. शिशाचे खिळे जुळविण्याचे दिवसांपासोन चाकरीस, आता संगणकावर पाने लावीत, पण नाव खिळ्यांचेच राहिले.

“मामा, मथळ्यात एक काना घालायचाय.”

मामांनी पडद्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

“वरून आलंय?”

“नाही. माझ्याकडून.”

“चूक तुमच्या नावावर लागेल, बाई.”

“लागू दे. शेवटच्या पानावर सही माझीच असते ना?”

मामांनी एक बोट उचलिले आणि एक कळ दाबिली. इतकीच लढाई. बाईंनी सही केली, आणि पान यंत्रावर चढले, आणि तीन वाजता ‘नदीवरील पूल पाडला’ ऐसा मथळा चौकाचौकांत गेला.

मंत्रालयात तो कोणी वाचिलाही नाही. वाचिला तो विमानवीरांनी, आणि त्यांस आपली चौथी सफर डोळ्यांदेखत नदीत बुडताना दिसली. दुसरे दिवशी सकाळीच दालनी दरबार भरला.

“ही चूक कोणाच्या हातून झाली?” संपादकांनी विचारिले.

“माझ्या हातून झाली,” बाई म्हणाल्या. कशी ते कोणी विचारिले नाही. विचारिते तर सांगावे लागते.

विमानवीरांनी हट्ट धरिला की खुलासा छापावा, आणि तो आतील पानी नव्हे, पहिल्याच पानी, ठळक, चौकटीत, म्हणजे मंत्रालयाचे नजरेस पडेल. संपादक कबूल जाहले. मजकूर विमानवीरांनी स्वहस्ते लिहिला: ‘कालच्या अंकात नदीवरील पूल “पाडला” असे छापले गेले. तो पाडला नसून पडला आहे. “पाडला” या शब्दाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

खुलासा तपासणीस रफारबाईंचे मेजावर आला. बाईंनी एकदा वाचिला, दोनदा वाचिला. जो शब्द काल एक वेळ छापला तो आज तीन वेळ, पहिल्या पानी, चौकटीत, संपादकांचे हुकुमाने जातो, हे त्यांचे ध्यानी आले. सांगावे की न सांगावे, ऐसा क्षणभर पेच पडला. परंतु शुद्धलेखनापुरते पाहावे हे फर्मान कालचेच होते, आणि शुद्धलेखनात दोष नव्हता. बाईंनी सही केली.

चार वाजल्यापासोन फोन खणाणू लागले. काल ज्यांनी अंक हाती धरिला नव्हता, तेही पुसू लागले.

“हो काका, पाडला असं छापलं होतं,” फोनवरची मुलगी सांगत होती. “नाही, पडला असं वाचायचं. का ते मला माहीत नाही... आता कोणी पाडला ते कसं सांगू? पडलाय म्हणतात ना.”

सांजवेळी बाई घरी गेल्या. यजमानांनी अंकातील चौकट दाखविली.

“ही चूक तुझी?”

“माझी.”

“सव्वीस वर्षांनी?”

“हं.”

त्यांनी चौकट पुन्हा वाचिली, आणि कात्री शोधू लागले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्याची नोंद ऐसी: काबीज जाहला तो काना एक; ठाणे, पान पहिले, उजवा कोपरा; आपल्या पक्षाचे लोक दोन; नुकसान, बाईंची बदली छोट्या जाहिरातींचे खात्यात, जेथे हरवलेल्या छत्र्यांचा कर्ताही छापीत नाहीत. विमानवीर ठरले दिवशी चौथ्या सफरीस गेले. संपादकांनी पुलाचे नाव पुन्हा काढिले नाही. आणि एकोणीस माणसे आजही त्या दफ्तरी मृत्युमुखीच पडलेली आहेत. त्यांस कोणी मारिले, हे लिहावयास एका कान्याहून अधिक फौज लागते, ती त्या कचेरीत कोणापाशी नव्हती.