भागाकाराचा फोटो

आज काहीही होवो, चौथीला भागाकार शिकवायचाच, असं ठरवून सुकन्याबाई रेणापूरहून शाळेत आल्या होत्या. दिवाळीपासून हा भागाकार फळ्यापर्यंत येऊन परत जात होता. त्यांनी खडू उचलला आणि मुख्याध्यापक सिद्रामप्पा दारात उभे राहिले.

“बाई, पोरं बाहेर घ्या. हात धुण्याचा फोटो साहेबांच्या ग्रुपवर पाठवायचाय.”

“सर, कालच झाला की फोटो!”

“त्यो झाडाचा होता. ह्यो हाताचा.”

टाकीत पाणी नव्हतं. पोरांनी कोरडेच हात चोळले. फोटो निघाला, पण मागं उपक्रमाचा बॅनर नव्हता. तो खिचडी करणाऱ्या गुणाबाईंनी तांदळाच्या पोत्यावर पांघरला होता.

“न्या की,” गुणाबाई म्हणाल्या, “पण उंदरास्नी तुम्हीच सांगा.”

दुसरा फोटो झकास आला. आता रेंज नव्हती. रेंज गावाबाहेरच्या चिंचेखाली. वर्ग एकटा सोडायचा कसा? बाई वर्गासकट निघाल्या.

चिंचेखाली मोबाईलवर चक्र फिरत राहिलं. बाईंचं डोकं तापलं. त्यांनी खाली पडलेले चिंचोके ओंजळभर गोळा केले आणि पोरांपुढं ओतले.

“चौघांत सारखे वाटा.”

झोंबाझोंबी झाली, रडारड झाली, आणि मग वर्षाराणी ओरडली, “बाई, चौघांना सारखे आले! दोन उरले, ती बाकी!”

“हाव! तीच बाकी!” बाईंना पोरीचा मुका घ्यावासा वाटला. फोटो कुठं अडकलाय, हेही त्या विसरल्या.

फोटो का पोचला नाही ते बघायला आलेले सिद्रामप्पा हे पाहून हरखले. त्यांनी लगेच चिंचोक्यांचाच फोटो काढून ग्रुपवर टाकला. तो मात्र झटक्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गात आल्या, तर चिंचोके खिडकीत रंगवून वाळत घातलेले.

“लई गाजला बाई तुमचा उपक्रम!” सिद्रामप्पा दारातून म्हणाले. “सोमवारी साहेब बघायला यायलेत. तवर चिंचोक्यांना कुणी हात लावायचा न्हाई. आणि पोरांकडून स्वागतगीत बसवून घ्या.”

“आन् भागाकार, सर? अजून निम्म्या पोरांना यायचाय.”

“बाई, भागाकाराचा फोटो तर गेला की!”

बाईंनी खडू खाली ठेवला. वर्षाराणीनं हळूच विचारलं, “बाई, साहेब गेल्यावर शिकवताल का?”

“शिकवते गं,” बाई म्हणाल्या. “सूर लाव आधी.”