विहीणबाईंची गाडी आणि माझा दीड इंच

मी एकदा मोटरसायकलीला ब्लाउजचं माप लावलं. तेव्हा मी तरुण होते, नुकतंच सहासष्टावं लागलं होतं. त्या वयात बाईला आपल्याला सगळं येतं असं वाटत असतं. आता सत्तर झाली, थोडी अक्कल आली, म्हणून कबूल करून टाकते.

गाडी माझी नव्हती, माझ्या विहीणबाईंची होती. आणि विहीणबाई काय चीज आहेत हे सांगितल्याशिवाय माझी चूक किती मोठी होती ते कळायचं नाही.

माझी वैशाली अड्याळला दिली. तिच्या सासूबाई रत्नमालाबाई म्हणजे माझ्या विहीणबाई. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, वजन पंचेचाळीस किलो, आणि सगळी नोकरी आयटीआयत पोरांना लेथ मशीन शिकवण्यात गेलेली. लग्नात मुलीच्या आईनं विहिणीचे पाय धुवायचे असतात. मी त्यांचे पाय परातीत घेतले तर पाणी काळं झालं. मी वर पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ग्रीस आहे जी. साध्या पाण्यानं नाही जात. रॉकेल आहे काय थोडंसं?"

वरमायेनं रुसायचं असतं, तेही त्यांनी केलं. आम्ही समजूत काढायला भारीतली साडी तयार ठेवली होती. पण विहीणबाई रुसल्या वरातीच्या मोटारीवर. बसेचनात. "मागून कुईकुई करून राहिली, ऐकू नाही येत काय तुम्हाले? बोल्ट ढिला आहे. अशा गाडीत नवी नवरी बसवता?" साडीकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी चौदा नंबरचा पाना मागितला, पदर खोचला आणि मोटारीखाली गेल्या. बँडवाल्यांना वाजवावं की थांबावं ते कळेना. शेवटी त्यांनी हळू आवाजात वाजवलं.

त्यांचं एक पालुपद आहे: "मागचं हललं तं पुढच्याले विचारा." म्हणजे काय, तर मोटरसायकलीचं मागचं अंग खाली केलं की पुढचं आपोआप वर उठतं आणि हँडल सुस्त होतं. म्हणून मागे हात लावला की पुढेही थोडं उतरवावं लागतं. एवढीच गोष्ट, पण विहीणबाई ती सगळ्या जगाला लावतात. शेजाऱ्यांनी घरामागे खोली काढली, तेव्हा या विचारायला गेल्या, "पुढच्या दाराले विचारलं काय? हवा कुठून येईन आता?" माझा अंबाडा पाहून म्हणाल्या, "एवढा मागे बांधता, म्हणून मान पुढे चालली तुमची." मी घरी येऊन आरशात पाहिलं. चालली होती.

आता गाडीकडे येते. जावईबापूंनी इंजिनिअरिंगला असताना शर्यतीतल्या गाडीच्या घाटाची लाल मोटरसायकल घेतली होती. तिच्यावर बसायचं नसतं, पालथं पडायचं असतं. आठ महिने पालथं पडून ते नोकरीला पुण्याला गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. विहीणबाई रिटायर झाल्या, घरात एकट्या उरल्या, तेव्हा एका सकाळी त्यांनी ताडपत्री काढली. मोटरसायकल त्यांना नवी नव्हती, नवऱ्याची जुनी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली होती. अडचण एकच होती. या गाडीवर बसलं की पाय जमिनीला लागत नव्हते.

मग त्या घराच्या ओट्यावरून गाडीवर चढायच्या आणि जिथे दुसरा ओटा असेल तिथेच थांबायच्या. अड्याळात कुणाकुणाच्या घराला ओटा आहे, त्यांना पाठ. भाजी ओट्यावर पाय टेकवून, टपाल ओट्यावर पाय टेकवून. एका बाजाराच्या दिवशी आडवी बैलगाडी आली, आजूबाजूला ओटा नव्हता, आणि विहीणबाई गाडीसकट सावकाश वांग्याच्या ढिगावर कलंडल्या. लागलं काही नाही, पण बातमी पुण्याला पोचली.

जावईबापूंचा फोन आला. "आई, दिवाळीत येतो. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून दाखव. नाही तं गाडी विकून टाकतो. इथं एक जण मागूनच राहिला आहे."

विहीणबाईंनी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, "पाय काही लांब होत नाही. गाडी खाली येते."

कशी येते ते त्यांनी मला स्वयंपाकघरात चिमटा हातात घेऊन समजावलं. मागचं चाक ज्या लोखंडी दांड्यांत धरलेलं असतं, त्यालाही मेकॅनिक लोक चिमटाच म्हणतात. त्याच्यावर धक्के झेलणारा स्प्रिंगचा शॉकअप. आणि खाली, दोघांना जोडणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या, माझ्या कात्रीएवढ्या. "या पट्ट्या लांब केल्या का मागचं खाली बसते, आखूड केल्या का वर उठते. सगळा खेळ या पट्ट्यायचा आहे."

आधी त्यांनी तयार पट्ट्या टपालानं मागवल्या. बसवल्या तर गाडीनं विंचवासारखी नांगी वर केली. तरुण पोरांना मागचं वर हवं असतं म्हणे, म्हणून बाजारात आखूडच जास्त मिळतात. विहीणबाई ओट्यावरून चढून बसल्या, पाय हवेत. "इथून पार पवनी गाव दिसते," म्हणाल्या आणि उतरल्या. त्याच दिवशी ठरवलं की पट्ट्या आपल्या हिशेबानं करून घ्यायच्या.

त्यासाठी सीटची उंची हवी होती. मी म्हटलं, कंपनीच्या पुस्तकात असेल की. "पुस्तकातली गाडी कारखान्यात आहे, माझी अड्याळात आहे. मी बसल्यावर सीट कुठं येते ते पाहिजे." आता ज्यानं बसायचं त्यालाच मोजता येत नाही. दुसरं माणूस लागतं. आणि त्या कामासाठी त्यांनी बोलावलं मला, माझ्या गावाहून, कारध्याहून. म्हणजे मी नदीचा पूल ओलांडून भंडाऱ्याला यायचं, तिथून दुसरी बस धरायची.

"शेजारी दहा बाया आहेत तुमच्या," मी म्हटलं.

"त्यायच्या टेपवर भरोसा नाही जी. तुमचा हात चाळीस वर्षांचा आहे."

मी फुलले. चाळीस वर्षं मी कारध्यात बायकांचे कपडे शिवले, पण माझ्या हाताला असं कुणी म्हटलं नव्हतं. पिवळा टेप गळ्यात अडकवून मी निघाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "विहीणबाई, तुमचं वजन किती?"

विहिणीला वजन विचारतात का कुणी? भंडाऱ्याच्या बसस्टँडवरचा काटा चौसष्ट दाखवायचा. मी म्हटलं, "चोपन्न."

त्यांनी लिहून घेतलं.

"कायले पाहिजे?" मी विचारलं.

"असंच," त्या म्हणाल्या आणि गाडीवर चढल्या.

जुलैपासून दिवाळीपर्यंत मी सहा वेळा माप घेतलं. "स्प्रिंग हळूहळू बसते, पुन्हा पाहू," असं म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांनी बोलवायच्या. माप दोन मिनिटांचं, मुक्काम शेवटच्या बसपर्यंत. जेवण, मग चहा, मग त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी, मग "थांबा न, अजून एक बस आहे". मला वाटायचं, केवढी बारकाईची बाई.

सहाही वेळा माप तंतोतंत जुळलं. विहीणबाईंनी त्याप्रमाणे आकृती काढली आणि भंडाऱ्यात लेथ चालवणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्याकडून लांब पट्ट्या करून आणल्या. हिशेबानं साइड स्टँड कापून घेतला. पुढच्या चाकाचे पाइपही मापात सरकवले, पुढच्याला विचारल्याशिवाय राहतील का. दिवाळीला चार दिवस होते. त्या गाडीवर बसल्या आणि दोन्ही पाय जमिनीवर आले. नुसते आले नाहीत, गुडघे वाकले. मी त्यांच्या तोंडात साखर घातली.

त्या उतरल्या. गाडी स्टँडवर लावली. गाडी सरळ ताठ उभी राहिली, क्षणभर विचार केला, आणि पलीकडच्या बाजूला भाताच्या तणसाच्या ढिगावर जाऊन झोपली.

विहीणबाईंनी ढकलून पाहिली तर मागचं चाक वरच्या पत्र्याला घासत होतं. त्यांनी घरातून मोजायची लोखंडी पट्टी आणली, मला गाडी धरायला लावली, स्वतःच्या वजनाएवढ्या दोन तांदळाच्या पिशव्या सीटवर ठेवल्या आणि स्वतः मोजलं. मग वही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"गाडी दीड इंच जास्त खाली आहे, म्हणून स्टँड लांब पडला. कुठून आला हा दीड इंच?"

मी गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. कारण मला माहीत होतं कुठून आला. चाळीस वर्षं मी माप घेताना टेपवर चौतीस दिसलं की तोंडानं साडेपस्तीस म्हणत आले. शिवणीला पाहिजे, बाईला श्वासाला पाहिजे, लग्नाला महिना असेल तर जेवणावळीलाही पाहिजे. ते मनात नाही राहिलं, जिभेत गेलं. मी गाडीलाही शिवण सोडली होती. सीट होती त्याहून दीड इंच उंच सांगितली, म्हणून विहीणबाईंनी ती दीड इंच जास्त खाली आणली.

मी सगळं सांगितलं.

"सहाही वेळा?"

"सहाही वेळा."

"एकसारखाच दीड?"

"एकसारखाच."

"म्हणजे हात खरंच चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. आणि मग अशा हसल्या की पाना हातातून पडला. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. रडू येत होतं ते विसरून मीही हसले.

पण गाडी जाणार होती. मी सुचवलं, याच पट्ट्यांना जरा अलीकडे दुसरं छिद्र पाडलं तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं तसं आयटीआयत नापास पोराकडे पाहत असतील. "छिद्राले लागून छिद्र पाडलं का पट्टी तिथंच तुटते. अन् मागे बसणाऱ्याचं काय?" मागे कोण बसतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या वेळी मी तोंड उघडायच्या लायकीची नव्हते.

शिक्षा म्हणून मला सातव्यांदा माप घ्यायला लावलं. टेप त्यांच्या नाकासमोर धरून, आकडा बोटानं दाखवून, तोंड बंद ठेवून. मग आम्ही दोघी बसनं भंडाऱ्याला. विद्यार्थ्यानं दुकान धुऊन मशीनला झेंडूचा हार घातला होता. विद्यार्थी म्हणजे टक्कल पडलेला, दोन जावयांचा सासरा.

"मॅडम, पूजेची तयारी झाली."

"हार काढ. उद्या पुन्हा घालजो."

त्यानं निमूट हार काढला. विहीणबाईंनी पदर घट्ट आवळला, चष्मा चढवला आणि स्वतः मशीनवर उभ्या राहिल्या. संध्याकाळी नव्या पट्ट्या माझ्या पर्समध्ये होत्या, टेपच्या शेजारी.

जावईबापू आले. अंगणात परीक्षा झाली. विहीणबाई बसल्या, दोन्ही टाचा जमिनीवर. गाडी स्टँडवर लावली, नीट कलून उभी राहिली. जावईबापूंनी चहूबाजूंनी पाहिलं, मागची सीट दोन्ही हातांनी दाबली आणि कपाळाला आठी घातली.

"आई, मागची स्प्रिंग एवढी कडक काहून? तुझं वजन पंचेचाळीस. हे तं शंभर किलोचं सेटिंग आहे. ढिली कर, अजून खाली येईन."

"राहू दे," विहीणबाई म्हणाल्या आणि स्वच्छ पाना पुन्हा पुसू लागल्या.

"बरं. पुण्याच्या माणसाले नाही म्हणून सांगतो," जावईबापू म्हणाले.

दिवाळी झाली, पोरं पुण्याला परतली. दोनच दिवसांनी विहीणबाईंचा फोन. "शेजारच्या गावी मंडई आहे. या." मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. मी सवयीनं टेप पर्समध्ये टाकला. काहीतरी मोजायचं राहिलं असेल.

पोचले तर अंगण झाडलेलं, गाडी ओट्याला लावलेली. ओट्यावर दोन हेल्मेट. एक त्यांचं, एक नवं, माझा अंबाडा मावेल एवढं मोठं. मी एकदा हेल्मेटकडे पाहिलं, एकदा मागच्या सीटकडे, आणि शंभरातून पंचेचाळीस वजा केले. चार महिन्यांपूर्वी वहीत लिहिलेला आकडा निघाला, वर एक उरला. तो पर्सचा असेल.

विहीणबाईंनी गाडी सुरू केली, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि मान न वळवता म्हणाल्या, "मापात दीड इंच वाढवला होता तुम्ही, ते समजलं. आता वजनात किती कमी केलं, ते बसाच्या आधी सांगून द्या. मी स्प्रिंग तुमच्या शब्दावर कसून ठेवली आहे."